लिग्नाइटपासून कोकसाठी पिच: आपल्या भट्ट्यांना उपयोग होईल का?

डिचोलीकर:
मी डिचोली तालुक्यातील एका कोक कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करतो; कोक म्हणजे हवेविना तापवून केलेला कडक कोळसा. मुरगाव बंदरात उतरणारा कोकिंग कोळसा महागला की मिश्रणात स्वस्त कोळसा वाढवण्याचा आग्रह सुरू होतो. परवा लिग्नाइटची, म्हणजे तपकिरी कोळशाची, एक ग्रॅम पूड झाकणाच्या मुशीत ८२० अंशांवर तापवून पाहिली. कोकिंग कोळशाची अशा वेळी फुगलेली गुंडी होते. ही पूड मात्र मूस उपडी करताच कण्यांसारखी सांडली. अशाच कोळशापासून कोक बांधणारे पिच, म्हणजे तापवल्यावर मऊ होणारा डांबरासारखा काळा पदार्थ, करता येते म्हणतात. जो स्वतः चिकटत नाही, तो दुसऱ्याला कसा चिकटवणार?

वास्कोकर:
पाणी व राख वगळता लिग्नाइटचा सुमारे पाव भाग ऑक्सिजन असतो, त्यामुळे ते पाघळण्याआधीच त्याचे तुटलेले रेणू एकमेकांत घट्ट गुंततात. कोकिंग कोळसा साधारण ३५० ते ५०० अंशांदरम्यान मऊ होऊन पुन्हा घट्ट होतो, आणि कोकची ताकद तिथेच ठरते. वाटलेला कोळसा टेट्रालिनसारख्या हायड्रोजन देणाऱ्या तेलात ४०० अंशांच्या आसपास दाबाखाली शिजवला, तर तुटलेल्या टोकांना हायड्रोजन मिळतो, ती पुन्हा जुळत नाहीत आणि कोळशाचा बराच भाग विरघळतो. राख गाळून तेल परत काढले की काळे, चकचकीत, ठिसूळ पिच उरते. जर्मनीत पॉट आणि ब्रोश यांच्या पद्धतीने हे दुसऱ्या महायुद्धापूर्वीच साधले होते.

कुळेंकर:
वास्कोकरांनी 'राख गाळून' हे दोन शब्दांत उरकले, पण खरा घोळ तिथेच आहे. ते कण इतके बारीक असतात की गाळण्या तुंबतात. शिवाय हायड्रोजनचा खर्च आहेच, आणि तमिळनाडूतील नेयवेली खाणीच्या लिग्नाइटमध्ये निम्मे पाणीच असल्यामुळे ते आधी वाळवावे लागते. म्हणून हा कारखाना खाणीपाशीच शोभेल, गोव्यात नव्हे. आपल्याला गरज मात्र नक्की आहे, कारण आपल्या नॉन-रिकव्हरी भट्ट्यांत, ज्याच्यापासून पिच करतात ते डांबर आतच जळून जाते आणि घरचे पिच मिळतच नाही. घ्यायचेच, तर सहज मऊ होणारे घेऊ नये: एका एप्रिलमध्ये आमच्या शेडमधल्या पिचच्या पिशव्या एकजीव झाल्या होत्या आणि त्या पहारीने फोडाव्या लागल्या.

डिचोलीकर:
आभारी आहे. मुशीतल्या गुंडीवर विसंबून न राहता, आधी पाच टक्के पिच घालून छोट्या भट्टीत कोक पाडतो आणि कार्बन डायऑक्साइडमध्ये तापवल्यानंतर त्याची ताकद किती उरते, ते तपासतो.

कुळेंकर:
पिच घातलेल्या आणि न घातलेल्या मिश्रणाचा दळ, म्हणजे कणांचा बारीकपणा, सारखाच ठेवा, नाहीतर फरक कशामुळे पडला ते कळणार नाही. हातमोजे आणि मुखपट्टीही विसरू नका. पिचच्या धुरातील बेंझोपायरीन कर्करोगकारक आहे.