प्रतिसाद : मेंदूविज्ञानातील संधी इथेही आहेत

मेंदूविज्ञानात पुढे जायचे तर परदेशाशिवाय गत्यंतर नाही, हे वरील प्रतिसादातील मत मला पटत नाही. ऐरोलीची माझी भाची दोन महिने ठाणेमार्गे कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रकल्पासाठी जात होती. सूक्ष्मदर्शकाखाली उंदराच्या मेंदूच्या कापांतील पेशी मोजता मोजता तिची वही भरली आणि मुलाखतीत ठामपणे सांगण्यासारखे स्वतःचे काम तिच्या गाठीशी आले. खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रामध्ये मुलांच्या मेंदूत होणाऱ्या मेड्युलोब्लास्टोमा या गाठीवर संशोधन झाले आहे, हेही ध्यानात घ्यावे. नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेद्वारे मिळणारी जेआरएफ, म्हणजे नवसंशोधकांची शिष्यवृत्ती, २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहे. मात्र (हे कळकळीने सांगते) ती अनेकदा रखडते, म्हणून निदान सहा महिन्यांच्या खर्चाची तजवीज आधीच करून ठेवावी.