मदत हवी आहे: एचआयव्ही आणि मेंदूची स्पेक्ट्रोस्कोपी, दादाचा रिपोर्ट कसा वाचायचा?

नमस्कार. दादाला विचारूनच लिहितेय. नाव-गाव सोडून बाकी सगळं खरं आहे.

दादा 52 वर्षांचा, शिंपीकाम करतो. 2011 पासून एआरटीवर, म्हणजे एचआयव्हीच्या औषधांवर आहे. औषधं सुरू केली तेव्हा नुकताच क्षयातून उठला होता, सीडी फोर (रोगप्रतिकारक पेशींची संख्या) 140. त्यानंतर गोळ्या कधी चुकवल्या नाहीत. आता टीएलडीची (तीन औषधं एकत्र असलेली) एक गोळी घेतो, आणि 2018 पासून जितक्या वेळा व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूंची मोजणी) केला तितक्या वेळा विषाणू सापडलाच नाही.

मला पहिल्यांदा जाणवलं ते मागच्या दिवाळीच्या शिलाईत. खडूने मुंढ्याचा गोल आखला, कात्री उचलली आणि थांबला. वहीत माप बघून आला, कापडाशी उभा राहिला, परत वहीकडे गेला. असं तीन वेळा. गिऱ्हाईक दारातून आत आलं की नजरेनंच छाती-कंबर सांगणारा हा माणूस! वहिनी म्हणाली, "मी सहा महिने बघतेय, बोलायची हिंमत होत नव्हती."

एआरटी सेंटरमध्ये डॉक्टरांनी बोटं भरभर आपटायला लावली, हाताच्या तीन क्रिया ओळीने करायला लावल्या, चार शब्द लक्षात ठेवायला सांगितले. 12 पैकी 9 गुण आले. 10 किंवा कमी आले की पुढे तपासायचं, असं त्यांनी सांगितलं. बी12, थायरॉइड, सिफिलिस सगळं पाहून झालं. रक्तात दबलेला विषाणू कधीकधी मेंदूभोवतीच्या पाण्यात जागा असतो म्हणून पाठीतून पाणी काढून तेही तपासलं. तिथेही काही नाही.

मग एका संशोधनात भाग घेता का, असं विचारलं. मेंदूचा एमआरआय आणि सोबत स्पेक्ट्रोस्कोपी. मशीन तेच, किरणोत्सर्ग नाही, सुई नाही. फक्त चित्राऐवजी मेंदूच्या एका चौकोनी तुकड्यातली रसायनं मोजतात. दादा पाऊण तास आत होता. बाहेर आल्यावर म्हणाला, "गिरणीत डोकं घालून झोपल्यासारखं वाटलं."

चित्र नॉर्मल आहे. आलेखाखाली मात्र लिहिलंय की कपाळामागच्या पांढऱ्या भागात एनएए/क्रिएटिन कमी, कोलीन/क्रिएटिन आणि मायो-इनोसिटॉल/क्रिएटिन जास्त, म्हणजे या रसायनांची क्रिएटिन या रसायनाशी गुणोत्तरं. आलेखात उजवीकडचा, खालच्या पट्टीवर 2.0 जवळचा सुळका एनएएचा, एवढं मी शोधून काढलं. एनएए हे चेतापेशींचं रसायन आहे हे वाचल्यापासून झोप नाही. पेशी मेल्या का? विषाणू नाही तर हे कशाने? सहा महिन्यांनी पुन्हा करून घ्यावं का? जवळच्या शहरात दुसरं सेंटर आहे, तिथे केलं तर चालेल? कोणाला अनुभव असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद 1

ताई, मी बरीच वर्षं एमआरआय विभागात आहे. आधी भीतीचं बोलू. एनएए चेतापेशींच्या मायटोकॉन्ड्रियात (पेशीला ऊर्जा देणाऱ्या भागात) तयार होतं. पेशी मेली तरी ते घटतं आणि पेशी जिवंत पण थकलेली असली तरी घटतं. म्हणून कमी एनएए म्हणजे पेशी गेल्याच, असं धरू नका.

विषाणू चेतापेशीत सहसा शिरत नाही. संसर्गाच्या सुरुवातीलाच तो रक्तातल्या पांढऱ्या पेशींवर बसून मेंदूत जातो आणि तिथल्या मायक्रोग्लिया नावाच्या राखणदार पेशींत ठाण मांडतो. औषधाने त्याची वाढ थांबते, पण राखणदार चिडलेले राहू शकतात. मायो-इनोसिटॉल आणि कोलीन वाढतं ते या दाहामुळे. औषधाआधी सीडी फोर खूप खाली गेलेला असेल तर हा त्रास जास्त दिसतो, आणि तुमच्या दादांचा 140 होता.

दुसरं सेंटर नको. 1.5 आणि 3 टेस्लाच्या मशीनचे (टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद) आकडे शेजारी ठेवून काही कळत नाही. त्याच मशीनवर, त्याच जागी चौकोन ठेवून, त्याच टीईवर (सिग्नल टिपायची वेळ, मिलिसेकंदात) करा. टीई 30 ला मायो-इनोसिटॉल दिसतं, 144 ला जवळजवळ विरून जातं. क्रिएटिन हे भाजक आहे आणि ते स्वतःही बदलू शकतं, म्हणून नुसतं गुणोत्तर न घेता प्रत्येक रसायनाचं प्रमाण मोजलंय का, हेही विचारा.

आणि मुख्य गोष्ट: ही तपासणी गटागटांतला फरक दाखवते. एका माणसाच्या आलेखावरून निदान होत नाही.

प्रतिसाद 2

माझे मिस्टर अशाच अभ्यासात होते. स्मरणशक्तीची सविस्तर चाचणी मराठीतून मागा, आमच्याकडे तीच जास्त उपयोगी पडली. झोप आणि उदासी पण सांगा डॉक्टरांना, आम्ही ते लपवलं होतं. तपासणीची जी सीडी (डिस्क) मिळते तिच्यावर नाव आहे का बघा. 2017 च्या एचआयव्ही कायद्याप्रमाणे एखाद्याला एचआयव्ही आहे हे सहसा त्याच्या संमतीशिवाय कोणाला कळवता येत नाही.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. रिपोर्ट काढून पाहिला, टीई 30, मशीन 3 टेस्ला. सीडीवर नाव नाही, क्रमांक आहे. झोपेचं विचारल्यावर दादा बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, रात्री दोननंतर डोळा लागत नाही, वर्ष झालं. हे त्याने डॉक्टरांना सांगितलेलंच नाही. सोमवारी मी सोबत जातेय. मापाची वही पण नेणार आहे, त्याने एकच माप दोनदा लिहिलेली पानं दाखवायला.