ठिबकच्या पुस्तिकेत पॅकिंगच्या मुलींचे फोटो: आपुलकी की बायकांना कमी लेखणं?

यावलकर: आमच्याकडे ठिबक सिंचनाचं सामान जळगावच्या एका दुकानातून येतं. ऑर्डर फोनवर, माल कुरिअरने नाहीतर एसटीच्या पार्सलने. दुकानाच्या यंदाच्या माल-पुस्तिकेत पानोपानी तिथल्या पॅकिंग करणाऱ्या, फोन घेणाऱ्या मुलींचे फोटो आहेत. फिल्टर हातात धरून हसणारी मुलगी, खाली ओळ: 'गोड आवाजाची ही मैत्रीण तुमच्या फोनची वाट बघतेय.' व्हेंचुरी, म्हणजे पाण्यातून खत सोडायचं साधन, कशी जोडायची त्या पानावर मात्र पुरुष, खाली 'तज्ज्ञ सल्ला'. मी फोन केला होता तेव्हा केळीच्या दोन झाडांतलं अंतर विचारून 16 मिमीच्या लॅटरलवर, म्हणजे ओळीतल्या नळीवर, ताशी 4 लिटरचे ड्रिपर एका मुलीनेच सुचवले होते. फोटोला माझी हरकत नाही. तिला येतं ते लपवून नुसतं हसू छापलं, याचा राग आहे.

रावेरचा बियाणेवाला: मला यात वावगं दिसत नाही. लोक टपालाच्या व्ही.पी.ने माल मागवायचे तेव्हा पैसे भरून पार्सल सोडवल्याशिवाय आत काय आहे ते कळायचं नाही. न बघता पैसे देणाऱ्याला समोर माणसाचा चेहरा लागतो. माझ्याकडे फोनवर मुलगी असली की शेतकरी बायकाही मोकळेपणाने बोलतात.

यावलकर: बायकांसाठी असेल तर 'गोड आवाज' कशाला? ती ओळ कुणासाठी आहे, तुम्हालाही कळतंय.

अमळनेरची: मी साड्यांच्या ऑर्डरी घ्यायचे. फोटोखाली माझाच मोबाइल नंबर छापला. मालकांनी विचारलं होतं, पण नुकतीच कामाला लागलेली मुलगी नाही कसं म्हणणार? रात्री अकराला फोन यायचे, साडी नको, गप्पा मारायच्यात. मालक म्हणाले, ब्लॉक कर. फोन बंद ठेवला की ऑर्डरी बुडायच्या आणि बोलणी मला बसायची.

धुळ्याना भाऊ: ताई, फोन करणारा वाईट शे, त्यामा जाहिरातना काय दोष? मनी बहीणना फोटो अशाच पुस्तिकामा ऊना तवय माय गल्लीभर दखाडत फिरनी. फोटोच नको म्हणशात तर पोरी परत घरमा बसतीन.

अमळनेरची: भाऊ, फोटो नको असं मी कुठे म्हटलं? नंबर दुकानाचा टाका आणि खाली तिचं काम लिहा.

नंदुरबारचा वकील: महिलांचं असभ्य चित्रण रोखणारा 1986 चा कायदा आहे. तसा मजकूर टपालाने पाठवायलाही त्यात बंदी आहे. पण ही पुस्तिका असभ्य नाही, तो इथे लागणार नाही. जाहिरात उद्योगाच्या स्वनियमन संस्थेने, म्हणजे अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलने, 2022 साली स्त्री-पुरुषांच्या साचेबंद चित्रणावर मार्गदर्शक सूचना काढल्या. तिथे कोणताही ग्राहक तक्रार करू शकतो. अमळनेरच्या ताईंचा मुद्दा मला जास्त गंभीर वाटतो. 2013 च्या लैंगिक छळविरोधी कायद्यानुसार कामाच्या ठिकाणी संपर्कात येणाऱ्या माणसांपासूनची सुरक्षितताही मालकानेच बघायची असते. 'ब्लॉक कर' म्हणून हात झटकता येत नाहीत.

रावेरचा बियाणेवाला: नंबर दुकानाचा हवा, हे शंभर टक्के मान्य. पण मुलीच्या फोटोखाली 'तज्ज्ञ' छापलं तरी गिऱ्हाईक विचारतंच, 'कुणी भाऊ आहे का तिथे?' भर हंगामात मी वाद घालू की बियाणं विकू?

यावलकर: वाद नका घालू, 'हीच सांगेल' एवढं म्हणून फोन तिच्याकडे द्या. जळगावच्या दुकानाला मी लिहून कळवलंय की पुढच्या पुस्तिकेत ड्रिपरच्या पानावर त्या मुलीचा फोटो आणि तिने दिलेला सल्ला छापा. तुमच्या पुस्तिकेत तुम्ही छापाल का?