मदत हवी आहे: घारापुरीत पाण्याच्या बाटलीवर १० रुपये डिपॉझिट चालेल का?

नमस्कार मंडळी,

घारापुरीला लेण्यांकडे जाणाऱ्या पायऱ्यांवर मी आणि माझी जाऊ स्टॉल चालवतो. लिंबूसरबत, काकडी, कैरी, पाण्याच्या बाटल्या. २०१८ च्या फेब्रुवारीत समुद्राखालून केबल आली आणि बेटाला कायमची वीज मिळाली. त्याआधी संध्याकाळी तीनेक तास जनरेटर. वीज आली तसा फ्रिज आला, आणि थंड बाटल्या धडाधड खपायला लागल्या. रिकाम्यांचा ढीग मात्र आमच्याच मागच्या अंगाला.

किलोभर भंगाराला लिटरच्या चाळीस-पन्नास बाटल्या लागतात. पायाने चेपून भरल्या तरी गोणी फुगते, वजन भरत नाही. लाँचवाला भाडं घेतो गोणीमागे, भंगारवाला पैसे देतो किलोमागे. कसा जमायचा हिशेब? शहाळ्याच्या कवट्या वाळवून चुलीत जातात, त्यांचं काही नाही.

निलगिरीत २०२२ पासून सरकारी दारूच्या दुकानात बाटलीमागे १० रुपये जास्त घेतात, रिकामी आणून दिली की परत. केदारनाथलाही त्याच वर्षी प्लास्टिकच्या बाटलीवर क्यूआर कोड चिकटवून हेच सुरू केलं. आमच्याकडे तर येणारा-जाणारा प्रत्येक माणूस या पायऱ्यांवरूनच उतरतो. मग इथे का नको?

पण लोक गेटवेवरूनही बाटल्या घेऊन येतात. त्यातली माझी कुठली, हे ओळखायचं कसं? फ्रिजमध्ये ओल धरली की स्टिकर सुटतं, मार्कर पुसला जातो. दुसरं म्हणजे माकडं. हातातली बाटली हिसकावतात, झाकण फिरवून उघडतात आणि झाडावर बसून पितात. त्या गिऱ्हाइकाचे १० रुपये द्यायचे की बुडवायचे? कुणी असं प्रत्यक्ष चालवलंय का?

प्रतिसाद १
ताई, खूण बाटलीवर करूच नका. दहा रुपये घेऊन नंबरचा बिल्ला द्या. बिल्ला आणि कुठलीही एक रिकामी बाटली आणली की पैसे परत. तुमची बाटली माकडाने नेली तर माणूस वाटेत पडलेली दुसरी उचलून आणेल. बिल्ले विकलेल्या बाटल्यांएवढेच, त्यामुळे तुमच्या खिशातून काही जात नाही. बुडालेल्या बिल्ल्यांचे पैसे गोणीच्या भाड्याला लावा.

धागाकर्ती
हे डोक्यातच आलं नव्हतं! शनिवार-रविवारी पन्नास बिल्ल्यांवर करून बघते. जाऊबाई विचारतायत, माकडाने बिल्लाच नेला तर?