मोठ्या मोटारींना कायमचे कंपन सेन्सर: गरज की सोस?

तिसरी पाळी: माझं मत सरळ आहे. ३०० किलोवॅटच्या वरची, स्टँडबाय (बंद पडली तर चालवायला राखीव) नसलेली मोटार असेल तर दोन्ही बेअरिंगवर कायमचा सेन्सर हवाच. महिन्यातून एकदा हातातला मीटर लावायचा आणि मधल्या दिवसांत ग्रीस आटलं तर? बेअरिंग निकामी झालं की फिरणारा रोटर भोवतालच्या स्थिर स्टेटरला घासतो आणि नुसत्या बेअरिंग बदलण्यावर भागलं असतं ते काम रिवाइंडिंगवर, म्हणजे तारांची वेटोळी नव्याने भरण्यावर जातं.

ग्रीसगन: सेन्सर लावल्याने बेअरिंग टिकत नाही राव. आमच्याकडे एनडीईचा (लोड जोडलेला नसतो त्या टोकाचा) सेन्सर फॅनच्या काऊलवर, म्हणजे पत्र्याच्या झाकणावर चिकटवून गेले होते. बेअरिंग राहिलं बाजूला, पत्र्याची थरथरच मोजत बसला तो. रोज अलार्म. शेवटी कुणीतरी अलार्मची मर्यादाच वाढवून टाकली, झालं समाधान! त्यापेक्षा वेळेवर आणि मोजून ग्रीस द्या.

तिसरी पाळी: @ग्रीसगन, हा बसवणाऱ्याचा दोष. सेन्सर बेअरिंग हाउसिंगवरच हवा. रंग खरवडायचा, जागा सपाट करायची, टॅप मारून (भोकात आटे पाडून) स्टडवर, म्हणजे आट्यांच्या खिळीवर घट्ट बसवायचा. नुसत्या चुंबकाने चिकटवलेल्या सेन्सरवर साधारण २००० हर्ट्झच्या पुढचं रीडिंग भरवशाचं राहत नाही आणि बेअरिंगची पहिली कुरबुर तर त्याच्याही वर असते.

आकडेमोड: नुसते मिमी/सेकंद (कंपनाचा एकूण वेग) बघणार असाल तर स्टडवरचा सेन्सरसुद्धा उशिराच बोंबलेल. आयएसओ २०८१६-३ या कंपनाच्या मानकातले चांगलं-वाईट ठरवणारे पट्टे अख्ख्या मशीनच्या कंपनासाठी आहेत. ५० हर्ट्झवरची चार पोलची मोटार सेकंदाला जेमतेम २५ फेरे घेते. आठ गोळ्यांच्या बेअरिंगची बाहेरची रेस (गोळ्या जिच्यावरून फिरतात ती कडी) उखडली की ठोके पडतात सुमारे ८० हर्ट्झला. अनबॅलन्सच्या (रोटरचं वजन एकीकडे जास्त असल्याच्या) गलक्यात ते सुरुवातीला ऐकूच येत नाहीत. एन्व्हलप स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे वरच्या फ्रीक्वेन्सीतले ठोके वेगळे काढून दाखवणाऱ्या आलेखात मात्र आधी दिसतात.

ग्रीसगन: तो स्पेक्ट्रम रोज उघडून बघणार कोण? आमच्या मोठ्या मोटारींना स्लीव्ह बेअरिंग (शाफ्ट तेलाच्या थरावर फिरतो ती) आहेत, तिथे तर गोळ्याच नाहीत.

आकडेमोड: तिथे हाउसिंगवरच्या सेन्सरला अर्धंच कळतं, तेलाच्या थरात शाफ्टची हालचाल दबते. शाफ्टकडे तोंड केलेले दोन प्रॉक्सिमिटी प्रोब (शाफ्टला न टेकता त्याचं अंतर मोजणारे सेन्सर) लागतात, एकमेकांशी ९० अंशांत. त्यांची सोय मोटार मागवतानाच करून घ्यावी, नंतर मोटार खोलायला लागते.

तिसरी पाळी: @ग्रीसगन, बघायला माणूस नसेल तर निदान अलार्म तरी नीट लावा. आणि टॅप मारण्याआधी ड्रॉइंगवर ग्रीसची पोकळी कुठे आहे ते बघून घ्या. वॉरंटीतल्या मोटारीला भोक पाडूच नका, इपॉक्सीने पॅड चिकटवा.