नाताळ यंदा आधीच, पुण्यात: फोंड्याहून गाडीने जाताना घाट, खाऊ आणि गोठ्याबद्दल विचारायचं आहे

फोंड्याची_आजी

नमस्कार मंडळी. आम्ही दोघं गोव्यातल्या फोंड्याला राहतो. हे 72 वर्षांचे, मी 68. मुलगी पुण्याला असते. जावई इकडच्याच साष्टीतला, तारवटी (बोटीवर काम करणारा). यंदा त्याला 18 डिसेंबरला बोटीवर चढायचं आहे, म्हणजे नाताळाला तो समुद्रात. गेल्या वर्षीही तेच झालं. नातवानं बापाला केक दाखवला तो मोबाईलवर, आणि रेंज गेली तशी पोर रुसून झोपलं. म्हणून मुलीनं ठरवलं की यंदा घरचा नाताळ 13-14 तारखेलाच करायचा, बाप घरात असताना.

एरवी डिसेंबरात विहीणबाई पुण्याला जायच्या आणि गोठा (येशूच्या जन्माचा देखावा), नक्षत्र (ताऱ्याचा कंदील), खाऊ सगळं त्यांच्या हातचं असायचं. नातू त्यांना शामाय म्हणतो. यंदा गुडघ्यांमुळे त्यांना एवढा प्रवास झेपणार नाही. परवा आम्ही त्यांच्याकडे गेलो तर त्यांनी कपाटावरचा खोका काढायला लावला. त्यात गोठ्यातल्या मूर्ती आहेत, त्यांच्या यजमानांनी बोटीवर असताना परदेशातून आणलेल्या. एका मेंढराचा कान उडालाय, बाकी रंगसुद्धा शाबूत आहे. म्हणाल्या, "हे तुम्ही न्या, आणि माझ्यासारखंच मांडा." मी हो म्हटलं. तेव्हापासून डोक्यात हेच आहे की मला ते नीट जमलं पाहिजे.

तर प्रश्न असे. पहिला रस्त्याचा. चोर्ला, अनमोड की आंबोली? गाडी छोटी आहे. ह्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन बरेच महिने झाले, दिवसा अगदी छान दिसतं, रात्री समोरच्या गाडीचा दिवा डोळ्यांवर आला की त्रास होतो. सपाटीला मी चालवते, घाटात हेच चालवतात. एका दिवसात जावं की मध्ये मुक्काम करावा?

दुसरा खाऊचा. विहीणबाई दोदोल, बेबिंका, कुलकुलं, दोस आणि पेरूचा पेराद देणार आहेत, शिवाय सोरपोतेलाचा (डुकराच्या मांसाच्या कालवणाचा) डबा. मी स्वतः ते खात नाही, पण जावयाला आईच्या हातचं मिळायला हवं, तेव्हा ते जाणारच. गाडीत काय कसं टिकेल?

तिसरा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. बाळ येशूची मूर्ती नाताळाआधी दहा-बारा दिवस गोठ्यात ठेवलेली चालते का? विहीणबाईंना विचारलं तर "मुलगा घरात आहे ना, मग ठेवा" म्हणाल्या, पण म्हणताना जराशा थांबल्या. त्यांच्या जागी उभं राहून त्यांच्या श्रद्धेला सोडून काही करायची माझी इच्छा नाही. कुणी जाणकार असेल तर सांगा.

आजऱ्याचा_पाव्हणा

काकू, माझं गाव आजरा आणि काम म्हापशात, त्यामुळे हा रस्ता पायाखालचा आहे. तुमच्यासाठी आंबोलीच. फोंड्याहून डिचोली, दोडामार्ग करून बांद्याला निघा, पुढे सावंतवाडी, आंबोली, आजरा, उत्तूर आणि निपाणीला हायवेला लागा. चोर्ला अंतराला बरा दिसतो, पण कणकुंबी ते जांबोटी पट्ट्यात पावसाळ्यानंतर रस्ता कसा आहे हे दरवर्षी नव्यानं विचारावं लागतं. मूर्तींचा खोका घेऊन तिथं जाऊ नका. अनमोडला अवजड ट्रकांची रांग लागते, आणि वळणावर ओव्हरटेक करायचा मोह आवरणं सगळ्यांना जमत नाही. आंबोलीचा घाट चढायला सरळ आहे. पावसाळ्यातलं धुकं आणि गर्दी डिसेंबरात नसते.

आता मुख्य गोष्ट, जी नकाशात दिसत नाही. डिसेंबर म्हणजे आमच्याकडे गळीत हंगाम. आजऱ्यापासून कराडच्या पुढेपर्यंत रस्त्यावर ऊस असतो. ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, मागं कित्येकदा लाल दिवा नाही की रिफ्लेक्टर नाही. बैलगाड्याही असतात. दिवसा त्या लांबून दिसतात. अंधार पडला की अगदी जवळ गेल्यावरच दिसतात, आणि तेव्हा समोरून कुणी हेडलाइट मारला तर तरण्या डोळ्यांनाही कळत नाही. डिसेंबरात सहाला सूर्य मावळतो. तुम्ही साडेपाचला मुक्कामी असायलाच हवं, यात तडजोड करू नका.

म्हणून कोल्हापूरला राहा. फोंड्याहून साधारण सव्वादोनशे किलोमीटर, आणि पुढे पुणंही जवळजवळ तितकंच. सकाळी आठला निघालात तर आजऱ्यात जेवून चार-साडेचारला कोल्हापुरात. दुसऱ्या दिवशी घाईनं पहाटे निघू नका. पंचगंगा, वारणा, कृष्णा या नद्यांच्या पुलांजवळ सकाळी धुकं बसतं. नऊला ऊन आलं की निघायचं. कोल्हापूर ते सातारा रुंदीकरणाची कामं आणि वळणरस्ते आहेत, तिथं वेळ जाईल तो धरूनच चाला. फास्टॅगमध्ये पैसे भरून ठेवा, टोलनाके बरेच आहेत.

वास्कोकर

आजी, राग मानू नका, पण 72 व्या वर्षी एवढं गाडी चालवत कशाला जायचं? गोवा एक्सप्रेस वास्कोहून दुपारी सुटते, कुळेला थांबते, लोंडा-मिरजमार्गे पहाटे पुण्यात सोडते. झोपून जाल. जावई स्टेशनवर घ्यायला येईल.

फोंड्याची_आजी

राग कसला, काळजीनं लिहिलंत. आम्ही त्याच गाडीनं नेहमी जातो. पण यंदा सामान बघा: मूर्तींचा खोका, बांबूच्या कामट्यांचं नक्षत्र (ते घडी होत नाही, विहीणबाईंच्या शेजारच्या मुलानं केलंय), खाऊचे डबे, बर्फाची पेटी. कुळेला गाडी थांबते किती वेळ! आणि आणखी एक सांगते. ह्यांनी आयुष्यभर ट्रकच्या हिशेबाची नोकरी केली, दुसऱ्यांच्या गाड्या कुठे पोचल्या ते लिहीत बसले. नातवासाठी स्वतः गाडी घेऊन जायचं त्यांच्या मनात फार आहे. गेले कितीक दिवस रोज संध्याकाळी नकाशा काढून बसतात. तब्येत साथ देते तोवर मी त्यांना थांबवणार नाही.

उसाचं तुम्ही बरं सांगितलंत, पाव्हणे. हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. कोल्हापूरचा मुक्काम नक्की.

साष्टीची_मावशी

ताई, तुमचं लिहिणं वाचून विहीणबाईंचं भाग्य वाटलं. मी कॅथलिक, शिकले मराठी शाळेत, म्हणून इथं वाचत असते. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं आधी सांगते.

त्या का थांबल्या ते मला कळलं. आमच्याकडे गोठा आधी मांडतात, पण बाळाची जागा रिकामी ठेवतात. 24 च्या रात्री मिसा (चर्चमधली प्रार्थना) झाली, घरी आलं, की मग बाळ ठेवायचं. बहुतेक घरात हा मान सगळ्यांत लहान मुलाचा. नाताळाआधीचे चार रविवार हे वाट बघायचे रविवार असतात. म्हणून तुम्ही 13 तारखेला मारिया, जुझे (योसेफ), मेंढपाळ, गुरं सगळं मांडा, गवताची गादी करा आणि ती रिकामी ठेवा. बाळाची मूर्ती जावयाच्या हातानं नातवाकडे द्या. बापानं सांगायचं, हे तुझ्याकडे सांभाळ आणि 24 ला रात्री तू ठेव. म्हणजे बाप असताना नाताळ झाला, आणि खऱ्या दिवशी पोराच्या हातात बापानं दिलेलं काम राहिलं. शामायला हे सांगून बघा, त्या या वेळी थांबणार नाहीत.

आणि तुम्ही निवडलेले दिवसही चांगले आहेत. त्या चार रविवारांतला तिसरा 11 ते 17 डिसेंबरमध्ये येतो आणि तो आनंदाचा रविवार असतो. त्या दिवशी पाद्री जांभळ्याऐवजी गुलाबी वस्त्र घालू शकतात, मेणबत्तीही गुलाबी लावतात. त्या रविवारी सगळे मिळून चर्चला जा, मग घरी जेवण. शनिवारी संध्याकाळी तेर्स (जपमाळेची प्रार्थना) म्हणा. फोन लावून तो शामायनं सुरू करू दे, तिकडून जावई आणि नातू उत्तर देतील. तुम्ही नुसतं बसलात तरी चालतं.

गोठ्याला हिरवळ लागते. आम्ही नाचणी किंवा गहू रुजत घालतो, तुम्ही घटस्थापनेला घालता तसेच. आठ-नऊ दिवसांत वीतभर होतात. 3 तारखेच्या आसपास उथळ ताटलीत पेरा आणि ताटली पायाशी ठेवून न्या. गाडीच्या काचा लावून उन्हात उभी करू नका, कोंब पिवळे पडतील.

खाऊचं असं. कुलकुलं आणि पेराद यांची चिंताच नाही, डबा घट्ट हवा, बस. दोदोलात गूळ आणि नारळाचा रस तेल सुटेपर्यंत आटवलेला असतो, थंडीत तो छान राहतो, फक्त पूर्ण गार झाल्यावर बांधा. दोस म्हणजे चण्याची डाळ आणि ओला नारळ, ते तीन-चार दिवसांत संपवा. बेबिंकेत अंडी आणि नारळाचा रस असतो, ती बर्फाच्या पेटीत, आणि पोचल्यावर फ्रीजमध्ये. नेवऱ्या (करंज्या) देत असतील तर सुक्या खोबऱ्याच्या मागा, ओल्या नारळाच्या वाटेत आंबतील. सोरपोतेलात व्हिनेगर असतं आणि ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच खरं मुरतं. तरी मुक्काम आहे म्हणून ते आधी फ्रीझरमध्ये दगडासारखं होऊ द्या, पेटीत तळाला ठेवा, आणि कोल्हापुरात हॉटेलवाल्याला रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवायला सांगा. झाकणाला चिकटपट्टी लावा. बाहेर डुकराचं मांस असल्याचं लिहा, कुणाला नकळत हात लागायला नको.

कोन्सुआदीचं विसरू नका. पुण्यात मुलीच्या शेजाऱ्यांना ताटलीत सगळं थोडं थोडं घालून, वर रुमाल टाकून नातवाच्या हातानं द्या. तुमच्याकडे चवथीला नेवऱ्या येतात ना शेजारी, तेच हे.

निवृत्त_परिचारिका

दोघांच्या औषधांची एक पिशवी, आणि ती डिकीत नको, हाताशी. बीपीच्या गोळीत लघवीची गोळी असेल तर प्रवासाच्या दिवशी ती कधी घ्यायची हे डॉक्टरांना आधी विचारा. मनानं बंद करू नका. लघवीला लागू नये म्हणून पाणी कमी पिण्याची सवय आपल्या बायकांना फार आहे, ती या वेळी सोडा. दर दोन तासांनी उतरून पाच मिनिटं चाला, पोटऱ्या अवघडून राहू देऊ नका. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन असेल तर जेवण वेळेवर, आणि चालवणाऱ्याच्या खिशात ग्लुकोजच्या गोळ्या. गोव्यातून जाताना लोक थंडी विसरतात. साताऱ्याकडे आणि पुण्यात डिसेंबरच्या पहाटे चांगलाच गारठा असतो, आणि ज्यांना दमा आहे त्यांना तो लागतो. कानटोपी, मोजे, शाल पिशवीत वरच ठेवा.

बांद्याचा_बाबल्या

एक राहिलं. विहीणबाईंनी प्रेमानं फेणीची बाटली किंवा घरची वाइन दिली तर ती तुमच्या घरीच ठेवून जा. गोव्यातली दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात नेता येत नाही, आणि नाताळाच्या दिवसांत हद्दीवर तपासणी कडक असते. म्हाताऱ्या माणसांना रस्त्यात गाडी रिकामी करायला लावली तर सगळ्या मूर्ती आणि नक्षत्र बाहेर काढावं लागेल. केक भिजवण्यासाठी लागते ती जावई पुण्यातच घेईल.

पुण्यातला_गोंयकार

आजी, चर्चचं. मुलगी कुठल्या भागात राहते ते माहीत नाही, पण जमलं तर रविवारी क्वार्टर गेटच्या सिटी चर्चला जा. 1792 सालचं आहे. पेशव्यांच्या फौजेत जे कॅथलिक शिपाई-अंमलदार होते त्यांच्यासाठी सवाई माधवरावांच्या काळात जागा दिली गेली. साष्टीतल्या जावयाला आणि फोंड्याच्या सासऱ्यांना दोघांनाही तिथं उभं राहून बरं वाटेल. डिसेंबरात पार्किंगचे हाल असतात, रिक्षानं जा.

फोंड्याची_आजी

सगळ्यांचे मनापासून आभार. मावशी, तुमचं उत्तर मी आत्ताच विहीणबाईंना फोनवर वाचून दाखवलं. बाळाची जागा रिकामी ठेवायची म्हटल्यावर लगेच म्हणाल्या, "तसंच करा, तसंच करा." मग आपण होऊन सांगितलं की मेंढपाळ डाव्या बाजूला उभे करायचे, आणि कान उडालेलं मेंढरू पुढे ठेवायचं, मागे नाही, कारण त्यांचा मुलगा लहानपणी तेच मेंढरू घेऊन झोपायचा. कान त्यानंच तोडला! हे मला माहीत नव्हतं, मुलीलाही नव्हतं. शनिवारच्या तेर्साला त्या तयार आहेत. सातची वेळ ठरली.

आम्ही 11 ला सकाळी आठला निघतो, आंबोलीमार्गे, कोल्हापूरला मुक्काम, 12 ला दुपारी पुण्यात. 10 तारखेला टायरची हवा आणि ब्रेक बघून घेणार. डॉक्टरांकडे सोमवारी जातो. फेणी नाही. गहू आणि नाचणी दोन्ही पेरते, वेगवेगळ्या ताटल्यांत, जे चांगलं येईल ते नेऊ. मूर्ती माझ्या जुन्या सुती लुगड्यांत एकेक गुंडाळून मागच्या सीटवर, आणि नक्षत्र त्यांच्यावर आडवं, पट्ट्यानं बांधून.

आता एकच उरलंय. सोरपोतेलाचा डबा आमच्या फ्रीझरमध्ये मावत नाही. बेबिंका आधी आणून ठेवावी आणि डबा शेवटच्या दिवशी मडगावहून थेट पेटीत घ्यावा, की शेजारणीचा फ्रीझर मागावा, हे विहीणबाईंशी बोलून ठरवते.

साष्टीची_मावशी

शेजारणीचा फ्रीझर मागा, ताई. निदान एक पूर्ण दिवस गोठला पाहिजे. 9 तारखेला आणा.

फोंड्याची_आजी

मागितला. देते म्हणाली.