वर्षाला पाच हजार पौंड असते तर बेकी चांगली वागली असती का?

शेवंती: इंग्रज लेखक थॅकरेची 'व्हॅनिटी फेअर' (१८४७-४८) ही कादंबरी दुसऱ्यांदा वाचून संपवली. बेकी शार्प ही गरीब चित्रकाराची पोरकी मुलगी, नुसत्या हुशारीच्या जोरावर वर चढलेली. श्रीमंत जाऊबाईंच्या वाड्यावर पाहुणी असताना तिच्या मनात येतं, की वर्षाला पाच हजार पौंड असते तर मीही चांगली बाई झाले असते. लेखक तिला खोडून काढत नाही. तो म्हणतो, मेजवानी जेवून निघालेला नगरशेठ मटणाच्या तंगडीसाठी गाडीतून उतरणार नाही; त्यालाच उपाशी ठेवा आणि पाव चोरतो की नाही ते बघा. मला हे शंभर टक्के पटतं. पोट भरलेल्यांच्या सज्जनपणाचं कौतुक मला होत नाही.

गावठाण: अजिबात पटलं नाही. रॅगल्स आठवतो का? जन्मभर नोकरी करून, पै पै साठवून त्याने लंडनच्या कर्झन स्ट्रीटवर घर घेतलं. बेकी आणि तिचा नवरा रॉडन त्यात भाडं न देता थाटात राहिले आणि तो बिचारा देशोधडीला लागला. तोही गरीबच होता की! त्याने कुणाला बुडवलं? आणि रॉडन कर्जापायी अटकेत पडला तेव्हा बेकीच्या पेटीत हजाराची नोट होती. 'यातले शंभर तरी मला द्यायचे होतेस,' एवढंच तो म्हणतो. ते वाचताना मला गलबलून आलं. त्याला सोडवायला पैसे घेऊन कोण गेलं? तीच जाऊ.

पेन्सिल: जाऊबाई चांगली आहेच. पण तिला उद्याची चिंता कधी होती? नशीब कसं फिरतं ते थॅकरेला स्वतःला माहीत होतं. जन्म कलकत्त्याचा, १८११ चा. वडील कंपनी सरकारात मोठ्या हुद्द्यावर, ते लवकर गेले. वारशाचा पैसा काही जुगारात गेला, बराचसा कलकत्त्याच्या पेढ्या बुडाल्या त्यात. लग्नानंतर चार वर्षांत बायकोचं मानसिक संतुलन बिघडलं ते कायमचं. दोन लहान मुली आणि मासिकांत लिहून पोट भरायचं. असा माणूस गरिबाला सहजासहजी दोषी ठरवत नाही.

गावठाण: मग तेच बघा ना, पैसा बुडाल्यावर तो स्वतः राबला. बेकीसारखं कुणाच्या जिवावर जगला नाही.

शेवंती: रॅगल्सबद्दल तुमचं मान्य, तिथे माझ्याकडे उत्तर नाही. पण राबायला थॅकरेकडे शिक्षण होतं आणि तो पुरुष होता. बेकी लहान असताना बापाच्या दारात घेणेकरी यायचे आणि हीच पोर गोड बोलून त्यांना वाटेला लावायची. आठव्या वर्षापासून मी बाईच आहे, असं ती सांगते. तिला खोटं बोलायला त्या उंबऱ्याने शिकवलं.